ताठ पाठीचा माणूस जपानला निघतो

माझा बाप जपानला निघाला होता आणि गावाला हसू आवरत नव्हतं. हसा म्हणावं, पोट धरून हसा! तेव्हाही मी हेच म्हणायचे आणि आजही म्हणते.

देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. चहूकडं ऊस, मधे गाव आणि गावाच्या कडेला आमची वस्ती. दीक्षा घेतल्यापासून आम्ही तिला बौद्धवाडा म्हणायला लागलो होतो, पण गावाच्या तोंडातून जुनं नाव जाता जात नव्हतं. मोठा दुष्काळ पडायच्या आदलं साल ते. मी शिक्षिका म्हणून नुकतीच नोकरीला लागले होते आणि आबा, म्हणजे माझा बाप, रेल्वेच्या नोकरीतून नुकतेच सुटले होते. जन्मभर गँगमन. रुळावर वाकून घण मारायचा, खडी सारखी करायची, उन्हात नि पावसात तेच. त्यामुळं कुणी ना कुणी त्यांना हटकायचंच.

"काय रं, जपानाचे बी रूळ उखडले का? तुलाच बोलावलं म्हनं!"

आबा चालता चालता म्हणायचे, "उखडलेत की. तुमी येता का खडी टाकायला?"

झालं होतं ते असं. जपानमधल्या काही बौद्ध उपासकांनी आपल्याकडच्या बौद्धांना महिनाभराच्या दर्शनाला बोलावलं होतं. जाण्यायेण्याचा भार त्यांचाच. जिल्ह्यातल्या निवडक गावांच्या बौद्ध मंडळांना एकेक जागा मिळाली, त्यात आमचं गाव आलं. मंडळाच्या बैठकीत सगळे एकमेकांकडं बघत बसले. एवढ्या लांब, समुद्रापलीकडं, कोण जाणार? आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी जातो. मला त्याच्या पोटात जायचंय."

हे पोटात जायचं प्रकरण आम्हाला घरी पाठ होतं. कुठल्याशा मासिकात आबांना एक चित्र सापडलं होतं. कामाकुरा नावाच्या गावात धातूची भलीमोठी बुद्धमूर्ती आहे. पूर्वी तिच्यावर मंदिर होतं, ते समुद्राच्या लाटांनी वाहून नेलं. तेव्हापासून बुद्ध उघड्यावरच बसलेला आहे, ऊन-पाऊस खात. आणि ती मूर्ती आतून पोकळ आहे. माणसांना आत जाता येतं. ते चित्र कापून आबांनी भिंतीवर खळीनं चिकटवलं होतं. येईल त्याला त्यापुढं उभं करायचे.

"बघ. वर छप्पर न्हाई, म्होरं पायरी न्हाई. आन् मानसं पार आत जात्यात! ज्या गावात मला देवळाच्या पायरीला हात लावू दिला न्हाई, त्या गावातनं मी जानार आन् थेट आत जाऊन बसनार."

कुणी म्हणालं की देवाच्या पोटात का, तर चिडायचे. "देव न्हाई रं त्यो. मानूस हाय. म्हनून तर आत घेतो."

लहानपणी जत्रेत आबांच्या आईचा नैवेद्य देवळापासून लांब, एका दगडावर ठेवून घेत. तिथून तो देवापर्यंत जायचा की कुत्र्यापर्यंत, ते कुणी बघितलं नव्हतं. आबांना तो दगड माहीत होता. मलाही त्यांनी तो दाखवला होता, बोट करून, जाताजाता, काही न बोलता. जपान म्हणजे त्यांनी त्या दगडाला द्यायचा जवाब होता. माझ्या बापाला कुठल्यातरी दारातून मान वर करून आत जायचं होतं. एवढंच होतं सगळं, आणि हे एवढंच फार होतं.

तर शिबिर लागलं. नगरला, दर रविवारी. तिथल्या रीतिभाती शिकल्याशिवाय कुणाला न्यायचं नाही, असं ठरलं होतं. शिकवणारे सर आपल्यातलेच, कॉलेजात शिकवणारे, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले. सकाळच्या पॅसेंजरनं आबा आणि मी जायचो. मी का? तर आबांना लिहायला-वाचायला जेमतेम यायचं आणि कुणीतरी ऐकून लक्षात ठेवायला हवं होतं.

आबांनी तिथं धमाल उडवली. जपानी लोक दोन काड्यांनी जेवतात म्हणे. सरांनी बांबूच्या काड्या आणि वाटीत भिजवलेले हरभरे दिले. बाकीच्यांचे हरभरे टणाटण उडून सतरंजीभर झाले. आबांनी अख्खी वाटी रिकामी केली नि वर म्हणाले, "सर, खडीतनं मोकळा खिळा दोन बोटांनी काढायचो आमी. हे काय, मऊ हाय." वज्रासनात बसायचं होतं, बसले. पायताण दाराबाहेर काढायचं होतं, काढलं. एका रविवारी तर तिथल्या चहाची रीत होती. वाटी दोन्ही हातांनी धरायची, फिरवायची, मग प्यायची. आबांनी सगळं बिनचूक केलं आणि मला हळूच म्हणाले, "चहापेक्षा फिरवाफिरवीच लई."

आणि मग आलं वाकणं.

"जपानमध्ये," सर म्हणाले, "भेटणाऱ्या प्रत्येकाला कमरेतून वाकून नमस्कार करतात. यजमानांना, दुकानदाराला, स्टेशनवरच्या माणसाला. पाठ सरळ, हात मांड्यांवर, नजर खाली. चला, एका ओळीत उभे राहा."

सगळी ओळ वाकली. आबा उभे.

"काका, वाका."

"न्हाई."

"पाठ दुखते का?"

"पाठीला काय झालंय! पाठ एकदम ठनठनीत हाय. मी वाकत न्हाई."

आता ह्या पाठीचं सांगायलाच पाहिजे. दीक्षेच्या आधी आमच्या माणसांना चावडीवरून जाताना चपला हातात घ्याव्या लागत. पाटील बसलेले दिसले की कमरेत वाकायचं आणि जोहार घालायचा. समोरून जवाब यायचा नाही. कधीकधी तर मुद्दाम तिकडं बघायचेच नाहीत, तंबाखू मळत बसायचे. त्यांची नजर पडेपर्यंत हा आपला वाकलेला. माझ्या आज्याची निम्मी हयात त्यात गेली, आबांची तरणी वर्षंही गेली. दीक्षा घेऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी आबा पायात चपला घालून चावडीवरून ताठ चालत गेले. त्याची किंमत अशी की गावच्या गिरणीत आमचं दळण बंद झालं. कितीतरी दिवस माझ्या आईनं जात्यावर दळलं, हाताला फोड येऊन फुटेस्तोवर. पण आबा वाकले नाहीत. बुद्धाच्या तसबिरीपुढं मात्र रोज गुडघे टेकायचे. म्हणायचे, "त्याच्यापुढं टेकतो, कारन त्यो मागत न्हाई." रुळावर वाकायचे, ते काम होतं. पण माणसापुढं? छे!

सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या घरानंही चावडी सोसलीच होती की. पण त्यांचा राग निराळ्या वाटेनं गेला होता. "काका, जग आपल्याकडं बघणार आहे. आपली माणसं अडाणी, गावंढळ, असं कुणी म्हणता कामा नये. समाजाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"अब्रूपायीच तर न्हाई वाकत, सर."

दर रविवारी हेच चालू झालं. ओळ वाकायची आणि मधे आबा उभे, ऊस तोडल्यावर चुकून एखादं टिपरं राहावं तसे. काही लोक मागं कुजबुजायचे. एक बाई मला म्हणाली, "सांगा ना वडिलांना, दोन मिनिटांचं तर काम." माझं टाळकंच सटकलं. मी म्हटलं, "तुम्हाला दोन मिनिटं वाटतात, त्यांना दोन पिढ्या वाटतात." मग ती बाई माझ्याशी बोलेनाशी झाली. बरं झालं!

मधेच पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला. तो गेला गावच्या पोलीस पाटलाकडं. आबांची वर्तणूक कशी आहे म्हणून विचारलं. पोलीस पाटलानं बराच विचार केला आणि म्हणाला, "वर्तनूक तशी बरी हाय. दारू न्हाई, भांडन न्हाई. पर मानूस ताठ हाय." हवालदार म्हणाला, "ताठ असनं गुन्ह्यात बसत न्हाई." हे त्यानंच आमच्या ओट्यावर चहा पिताना सांगितलं. आबा एवढे हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. पुढं कितीतरी दिवस कुणी भेटलं की म्हणायचे, "माझा ताठपना सरकारी कागदात बसला बरं का!"

पासपोर्ट झाला. आईनं त्यांच्यासाठी घोंगडी धुऊन ठेवली, कारण जपानात थंडी असते असं तिनं कुणाकडून ऐकलं होतं. आबांनी मोठ्या दिमाखात नवे बूट घेतले आणि सवय व्हावी म्हणून ते घालून ओट्यावर फेऱ्या मारायला लागले. आता फक्त जायचं उरलं होतं.

शेवटच्या रविवारी शिबिराला पाहुणी आली. त्या जपानी उपासकांपैकी एक म्हातारी बाई, आबांच्याच वयाची, ठेंगणी, करड्या पोशाखातली. तिच्याबरोबर हिंदी येणारा एक तरुण भिक्खू होता. सरांनी आम्हाला ओळीत उभं केलं होतं आणि दहादा बजावलं होतं. आबांना त्यांनी शेवटी, कोपऱ्यात ठेवलं, न दिसतील असे.

बाई एकेकापुढं थांबायची, वाकायची. समोरचा वाकायचा. मग पुढं. असं करत ती आबांपुढं आली आणि कमरेतून पार खाली वाकली.

आबा उभेच. बाई वाकलेलीच. ती उठेना. समोरच्याच्या जवाबाची वाट बघत होती बिचारी. मी आबांच्या तोंडाकडं बघितलं. त्या चेहऱ्यावर मी राग पाहिला होता, हट्ट पाहिला होता, पण असली घाबरगुंडी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या जन्मात त्यांच्यापुढं कुणी वाकलं नव्हतं. आणि आता एक म्हातारी वाकून उभी होती, आणि तिच्यापुढं ताठ उभा राहिलेला माणूस ते स्वतः होते. चावडीवरचा पाटील झाला होता त्यांचा. मला ते तेव्हाच कळलं, कारण ते पुटपुटले, "अरारारा, हे काय झालं!"

आणि आबा खाली बसले. सपशेल. मांडी घालून, सतरंजीवर. हातानं समोरची जागा थोपटली आणि वर बघत म्हणाले, "बस, बाई. बस. तू बी वाकू नगं, मी बी न्हाई. बसून बोलू."

बाईनं डोकं वर केलं तो समोर कुणी नाही. खाली बघितलं. क्षणभर गोंधळली. मग तीही गुडघे मोडून त्यांच्यासमोर बसली. दोघांची डोकी एका पातळीत आली. तिनं भिक्खूकडून विचारलं, जपानात तुम्हाला काय बघायचं आहे? आबा म्हणाले, "कामाकुराच्या बुद्धाच्या आत जायचंय. बाहेरनं बघून लई झालं." भिक्खूनं सांगितलं तशी ती मान हलवत राहिली. दोघं बराच वेळ बसले. काय बोलले देव जाणे, निम्मं तर खुणांनीच चाललं होतं. मला वाटलं, सुटलो. झालं एकदाचं.

कसलं काय! बाई गेली आणि सरांचा तोल गेला.

"उद्या तिथं मठाचे प्रमुख भेटतील, मोठमोठे अधिकारी भेटतील. प्रत्येकापुढं फतकल मारणार का?"

"बसंन की. खाली बसायला जागा असती सगळीकडं."

कुणीतरी फिसकन हसलं. सर लाल झाले. "हे बघा काका, जबाबदारी माझ्यावर आहे. एकदा, फक्त एकदा मला नीट वाकून दाखवा. आत्ता, सगळ्यांसमोर. तुमची जागा पक्की. नाहीतर तुमच्या मंडळानं दुसरं नाव द्यावं."

"तुमच्यापुढं वाकू?"

"माझ्यापुढं नाही हो. नमुना म्हणून!"

आबांनी दाराकडं बघितलं. मला माहीत होतं त्यांच्या डोळ्यांपुढं काय आहे ते. भिंतीवरचं चित्र. आत जायचं ते दार. एवढ्याशा वाकण्यापलीकडं होतं ते, आणि आबांना ते हवं होतं, एखाद्या पोराला जत्रा हवी असते तसं हवं होतं.

"नमुना म्हनून लई वर्सं वाकलो, सर," ते म्हणाले. दाराबाहेर जाऊन चपला घातल्या आणि स्टेशनच्या वाटेला लागले.

मी मागं थांबले. म्हटलं, "सर, एक विचारू? तुमचे वडील कुणाकुणापुढं वाकायचे?"

सर सतरंजीची कड सरळ करत राहिले. मग म्हणाले, "म्हणूनच तर, बाई. म्हणूनच मला वाटतं, कुणी बोट दाखवू नये." मला त्यांचा राग यायचा थांबला नाही, पण मी आबांना गाठायला स्टेशनकडं पळाले.

पॅसेंजरमध्ये आबा खिडकीतून रुळांकडं बघत बसले. घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं, चुलीपुढून उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमच्या ताठपनाचं दळन मी दळलंय. मला एका शब्दानं इचारायचं तरी!"

"आता इचारतो. काय करायला पायजे हुतं?"

आईनं हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "काय करनार? जे केलं तेच." आणि परत भाकरी थापायला बसली.

मंडळानं माझं नाव दिलं, दर रविवारी जाऊन मलाही सगळं पाठ झालं होतं. मी म्हटलं, मुळीच जाणार नाही. ज्या दारातून माझ्या बापाला परत पाठवलं त्या दारातून मी का जाऊ? आणि गेलेच तर मीही वाकणार नाही. बघू काय करतात ते! मी तोंडाचा पट्टा सोडला होता आणि आबा ओट्यावर बसून ते नवे बूट पुसत होते. माझं बोलणं संपू दिलं आणि म्हणाले,

"तू जायचं. आन् वाकायचं बी."

"आबा! तुमी म्हणता हे?"

"मीच म्हनतो. तुला कुनी चावडीवर वाकवलं का? न्हाई. तुझ्या हातात चपला दिल्या का? न्हाई. ते मी तुझ्या वाट्याला येऊ दिलं न्हाई. म्हनून तुझं वाकनं तुझं हाय, पोरी. तुला वाटलं तर वाक, वाटलं तर नगं वाकूस. माझं वाकनं माझं नव्हतंच कदी. ते त्यांचं हुतं. ते मी परत हातात धरनार न्हाई."

मी रडले. सरळ सांगते, ढसाढसा रडले. रागानं की कशानं, मला नाही ठाऊक. आबा म्हणाले, "रडतीस काय! तिथं आत जा आन् सगळं नीट बघून ये. मला आतलं सांग."

माझाही पासपोर्ट झाला आणि मी गेले. निघताना बसपाशी कुणीतरी म्हणालं, बापाला जमलं नाही, लेकीला पाठवलं. मी बस सुटेपर्यंत त्याच्याकडं टक लावून बघत राहिले. शेवटी तोच तोंड फिरवून गेला.

जपान बघितलं. सगळं सांगत बसले तर रात होईल. देवळं बघितली, बागा बघितल्या, काड्यांनी भात खाल्ला. कामाकुराला गेले तेव्हा ऊन पडलं होतं आणि बुद्ध उघड्यावर बसला होता, चित्रात होता तसाच. मूर्तीच्या बाजूला एक लहान दार होतं. आत अंधार, धातू उन्हानं तापलेला, वर मूर्तीच्या पाठीतल्या खिडक्यांतून उजेडाचे दोन पट्टे आत आलेले. मी आतून त्याच्या पाठीला हात लावला. ती ताठ होती. मी तिथं आबांना मोठ्यानं हाक मारली, खरंच मारली. लोक बघत होते, तर बघू दे.

परत आले तेव्हा आबा ओट्यावर वाटच बघत होते. आईनं पाणी दिलं तेही त्यांनी मला नीट पिऊ दिलं नाही.

"आत गेलतीस?"

"गेल्ते."

"दारात कोन हुतं?"

"एक म्हातारा होता. तिकीट घेणारा."

"काय इचारलं त्यानं?"

"काही नाही. तिकीट घेतलं आणि वाकला."

"आन् तू?"

"मीही वाकले."

आबांनी मानेवरून हात फिरवला. मग अगदी हळू, मला खोटं सांगू नको अशा डोळ्यांनी त्यांनी विचारलं, "आधी कोन?"

"तो आधी, आबा. तो दारवालाच आधी वाकला."

त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग उठले, ते पडून राहिलेले नवे बूट पायात घातले, आणि भर दुपारी चावडीकडं निघाले.

"कुठं?" आई ओरडली.

"सांगून येतो," आबा म्हणाले.